नाशिकच्या आकाशात छोट्या विमानासाठी पोर्टेबल ट्रॅफिक रिसीव्हर: कोणता घ्यावा, कसा बसवावा

आधी निकाल सांगतो. सेस्ना १५२, १७२ किंवा तत्सम हलकं विमान नाशिक परिसरात उडवणाऱ्याने आसपासची विमानं टॅबलेटवर दाखवणारा, फक्त ऐकणारा, १०९० मेगाहर्ट्झचा आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर आत असलेला रिसीव्हर घ्यावा. आज या वर्णनात सगळ्यात चांगला बसतो तो स्ट्रॅटक्स. स्कायइको २ हे यंत्र म्हणून त्याहून सरस आहे, पण आपल्याकडे त्याचं अर्धं काम परवानगीवाचून बंद राहतं. सेंट्री आणि तिच्यासारखी अमेरिकेसाठी बनलेली यंत्रं इथे घेऊ नयेत. ग्लायडरवाल्यांचा विचार वेगळा, तो पुढे येईल.

ही सगळी यंत्रं एडीएस-बी ऐकतात. ज्या विमानात एडीएस-बी आउट आहे, ते आपली जीपीएस जागा, उंची, वेग आणि ओळख १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःहून प्रसारित करत राहतं. जागेचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा येतो. तुमच्या ग्लेअरशील्डवरचा (पॅनेलच्या वरच्या पट्टीवरचा) डबा तो पकडून वाय-फायवरून टॅबलेटला देतो आणि नकाशावर बाण उमटतो. अमेरिकेत याच्या जोडीला ९७८ मेगाहर्ट्झची दुसरी वाहिनी आहे. तिच्यावरून जमिनीवरची केंद्रं हवामान पाठवतात आणि रडारला दिसणारी, पण एडीएस-बी नसलेली विमानंही पाठवतात. भारतात ती वाहिनी नाही. त्यामुळे परदेशी परीक्षणांतले स्क्रीन बघून 'सगळंच दिसतं' अशी समजूत करून घेऊ नका. इथे जो स्वतः बोलतो, तोच दिसतो.

नाशिकभोवती न बोलणारे बरेच आहेत, म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. ओझरची धावपट्टी एचएएलची आहे. तिथे सुखोई-३० एमकेआयची कामं चालतात. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तिथूनच उड्डाण केलं. लष्करी विमान चाचणीवर असताना एडीएस-बीवर दिसेलच, असं धरून चालता येत नाही. ओझरच्या नैर्ऋत्येला दहा-अकरा नॉटिकल मैलांवर गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्र आहे. चेतक आणि चीता तिथे खालच्या उंचीवर फिरत असतात. त्यांच्याबद्दलही तोच हिशोब. देवळालीच्या तोफखाना रेंजवरून काय जातंय ते तर कुठलाच रिसीव्हर सांगणार नाही. ते नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनांत) आणि एटीसीकडेच (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) कळतं. द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन आणि अंजनेरीच्या कड्यांवरून गरम हवेत वर चढणारी गिधाडंही स्क्रीनवर नसतात.

दिसतं ते मुख्यतः प्रवासी विमानांचं ट्रॅफिक. मुंबईला येणारी-जाणारी, शिर्डीला उतरणारी, आणि डोक्यावरून ३०,००० फुटांच्या वर निघून जाणारी. पहिल्यांदा डबा चालू केला की स्क्रीन बाणांनी भरून जातो आणि त्यातलं तुमच्या कामाचं एखाद-दुसरंच असतं. म्हणून ॲपमध्ये पहिल्याच दिवशी उंचीचा गाळणा लावा: स्वतःच्या वर-खाली ३,५०० फूट. विमानतळाजवळ तो २,००० वर आणला तरी चालतो. शिर्डी ओझरपासून सुमारे ३७ नॉटिकल मैलांवर आहे. सिन्नर, कोपरगाव किंवा येवल्याच्या बाजूला जाताना शिर्डीला उतरणारं जेट ४,०००–५,००० फुटांवर आडवं येऊ शकतं आणि ते स्क्रीनवर चांगलं मिनिटभर आधी दिसतं. या एका कामासाठीसुद्धा रिसीव्हर घ्यावासा वाटतो.

धुळे, शिरपूर, बारामती इथली प्रशिक्षणाची विमानं मधल्या वर्गात मोडतात. काहींत एडीएस-बी आउट आहे, ती स्पष्ट दिसतात. काहींत नुसता मोड एस ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र आहे. असा ट्रान्सपॉन्डर कोणी विचारलं नाही तरी साधारण सेकंदाला एकदा एक छोटा संदेश सोडतो, पण त्यात फक्त विमानाचा पत्ता (ओळख-कोड) असतो. जागाही नाही, उंचीही नाही. उंची मिळते ती रडारने किंवा एखाद्या विमानाच्या टीकॅसने (टक्कर टाळण्याच्या यंत्रणेने) विचारल्यावरच. डोंगराआड, रडारच्या नजरेबाहेर ती मिळेलच असं नाही. स्ट्रॅटक्स अशा विमानाचं अंतर सिग्नलच्या जोरावरून अदमासे काढतो आणि ॲप दिशेविना एक वर्तुळ काढतं. हे वर्तुळ 'जवळ कोणीतरी आहे' एवढंच सांगतं. ते बघून वळण घेऊ नका, डोळे बाहेर वळवा. मोड सी म्हणजे जुन्या ट्रान्सपॉन्डरचं विमान यात येतच नाही.

आता स्ट्रॅटक्स. हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे आणि सुटे भाग जोडून तासाभरात उभा राहतो. लागतं ते असं: रास्पबेरी पाय ३बी (तळहाताएवढा संगणक), आरटीएल-एसडीआर जातीचा एक यूएसबी डोंगल (त्याला लावायचा छोटा रेडिओ), १०९० साठी कापलेला अँटेना, यूएसबी जीपीएस (व्हीके-१६२ चालतो), तापमान-दाबाचा बीएमपी२८० आणि विमान किती कललंय ते सांगणारा सेन्सर असलेली छोटी पाटी, ८ जीबी किंवा मोठं एसडी कार्ड, पंखा असलेली पेटी आणि पॉवर बँक. संगणकावर एचर (Etcher) हे सॉफ्टवेअर वापरून सॉफ्टवेअरची प्रतिमा कार्डावर उतरवायची, कार्ड घालायचं, वीज द्यायची. मिनिटाभरात 'स्ट्रॅटक्स' नावाचं वाय-फाय दिसतं. त्याला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ उघडलं की सगळी सेटिंग हाताशी.

इथे बहुतेकांचा एकच घोटाळा होतो. सेटिंगमध्ये ९७८ ची वाहिनी चालू असते. डोंगल एकच असेल आणि त्यावर वाहिनीचं नाव नोंदलेलं नसेल, तर सॉफ्टवेअर तो आधी ९७८ ला देऊन टाकतं. मग सगळे दिवे हिरवे, जीपीएस पकडलेला, आणि ट्रॅफिकचं पान रिकामं. लोक अँटेना बदलतात, डोंगल परत करतात. करायचं एवढंच: ९७८ बंद, १०९० चालू, जतन, रीबूट. भारतासाठी दुसरा डोंगल विकत घेण्याची गरजच नाही. विक्रेत्याने दोन डोंगलचा संच पुढे केला तर एक काढून टाकायला सांगा. तेवढीच वीज आणि उष्णता वाचते.

दुसरं सेटिंग स्वतःच्या विमानाचा हेक्स कोड. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा पत्ता असतो. भारताच्या वाट्याला ८००००० ते ८३एफएफएफएफ ही मालिका आली आहे, म्हणून व्हीटी नोंदणीच्या विमानाचा कोड ८० ते ८३ पैकी कशाने तरी सुरू होतो. तुमच्या विमानात एडीएस-बी आउट असेल आणि हा कोड भरला नसेल, तर तुमचंच विमान 'ट्रॅफिक' म्हणून तुमच्या बुडाशी चिकटून दिसतं आणि इशारा वाजत राहतो. क्लबचं विमान दर वेळी वेगळं मिळत असेल तर कोडची चिठ्ठी नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लावून ठेवा आणि इंजिन सुरू करण्याआधी बदला.

तिसरी बाब दाबाच्या सेन्सरची. पैसे वाचवायला लोक हाच भाग गाळतात, आणि तो गाळायचा नाही. दुसरी विमानं जी उंची पाठवतात ती १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून काढलेली दाबाची उंची असते. तुमच्या डब्यात सेन्सर नसेल तर तो तुमची उंची जीपीएसवरून घेतो, आणि या दोन उंच्या एक नव्हेत. एप्रिलची दुपार घ्या. ओझरला ४० अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबातला स्थानिक दाब) १००८. अल्टिमीटर ५,५०० फूट दाखवतोय. दाबाची उंची साधारण ५,६५० होते. हवा तापून फुगलेली असल्यामुळे खरी, म्हणजे जीपीएसची उंची ५,८०० च्या घरात जाते. फरक दीडशे फुटांचा. ९,५०० फुटांवर तोच फरक चारशेच्या पुढे जातो. पावसाळ्यात क्यूएनएच १००३ पर्यंत उतरतो, हवा थंड होते, आणि हा फरक उलट्या दिशेला जाऊ शकतो. म्हणजे 'नेहमी दोनशे वजा करू' हा तोडगाही चालत नाही. व्हीएफआरची (नजरेने उडणाऱ्यांची) ५,५०० आणि आयएफआरची (उपकरणांवर उडणाऱ्यांची) ६,००० यांत अंतर मुळात ५०० फुटांचंच. त्यात चारशेची चूक पडली तर स्क्रीनवरचा 'वर ५००' हा आकडा निरुपयोगी ठरतो, आणि पायलट मात्र त्यावर विसंबलेला असतो.

सेन्सर असला तरी तो कॅबिनमधला दाब मोजतो. खिडकी किंवा हवेची खाच उघडी असली की कॅबिनचा दाब किंचित उतरतो आणि उंची पन्नास-शंभर फूट जास्त दिसते. तेवढं चालतं, पण माहीत असावं. तपासणी सोपी आहे. जमिनीवर अल्टिमीटरची सबस्केल (दाबाची छोटी पट्टी) १०१३ वर आणा आणि स्ट्रॅटक्सच्या पानावरची दाबाची उंची त्याच्याशी ताडून पाहा. साठ-सत्तर फुटांच्या आत असेल तर ठीक. शंभराच्या वर असेल तर सेन्सर पंख्याच्या थेट झोतात आहे का किंवा पेटी घट्ट बंद आहे का ते बघा.

अँटेना कुठे ठेवायचा यावर निम्मं काम अवलंबून. १०९० ची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणून पाव लांबीचा अँटेना सुमारे ६.९ सेंटिमीटरचा. तो उभाच राहिला पाहिजे, कारण विमानांचे अँटेना उभे असतात. आडवा पडला की पल्ला झपाट्याने घटतो. ग्लेअरशील्डवर ठेवला तर पुढचं आणि बाजूचं चांगलं दिसतं, पण इंजिन खालचं-पुढचं झाकतं आणि तुमचं शरीर मागचं झाकतं. १७२ सारख्या वरच्या पंखाच्या विमानात मागच्या बाजूच्या खिडकीला सक्शनने लावलेला अँटेना एकूण जास्त दिशा पाहतो. मात्र तिथून विरुद्ध बाजूचं खालचं आंधळं राहतं. खालच्या पंखाच्या विमानात ग्लेअरशील्डच बरा. सीटच्या खिशात किंवा फ्लाइट बॅगेत डबा ठेवून 'रेंज मिळत नाही' म्हणू नका. ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर या दोन्हींतून हे तरंग पार होत नाहीत.

डोंगरांचंही तसंच. हे तरंग सरळ रेषेत जातात. गंगापूर धरणावर ३,५०० फुटांवर असताना त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे, ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या आड खाली उडणारं विमान दिसणार नाही. ही दोन्ही शिखरं ४,२०० फुटांच्या आसपास आहेत. घोटी-इगतपुरीच्या बाजूला कळसूबाईची रांग ५,४०० फुटांपर्यंत जाते. तुम्ही धार ओलांडून वर आलात की पलीकडचं ट्रॅफिक अचानक, तेही जवळ, उमटतं. बिघाड नव्हे तो, भूगोल आहे. धारेजवळ जाताना १०-१२ मैलांचा स्क्रीन ५ मैलांवर आणू नका, मोठाच ठेवा.

उष्णतेचं काय करायचं हे नाशिककराला वेगळं सांगायला नको, पण आकडे लक्षात ठेवा. रास्पबेरी पायची चिप ८० अंशांना स्वतःला मंदावते. मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाच्या ग्लेअरशील्डवर पंख्याविना डबा ठेवला तर हा आकडा टॅक्सी करतानाच गाठला जातो, आणि संदेश गळायला लागतात. ५ व्होल्टचा छोटा पंखा आणि पांढरी पेटी पुरते. काळी पेटी घेऊ नका. आयपॅडसाठी कंपनीची मर्यादा ३५ अंश परिसर तापमानाची आहे. तो डब्याच्या आधीच बंद पडेल, म्हणून त्याला सूर्यापासून वळवून, मागून हवा खेळेल असा लावा.

विजेचं गणित: पाय ३बी, एक डोंगल, जीपीएस आणि पंखा मिळून साधारण ५ वॉट. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, त्यातले ३०-३१ हाती लागतात. म्हणजे सहा तास. गडबड होते ती केबलमुळे. बारीक तारांच्या दीड मीटर केबलवर व्होल्टेज गळतं, ४.६३ च्या खाली गेलं की रास्पबेरी पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो, डोंगल मधेच गायब होतो आणि पुन्हा येतो. जाड तारांची, ३० सेंटिमीटरची केबल वापरा. विमानाच्या सिगारेट-सॉकेटमधून स्वस्त ॲडॉप्टरने वीज घेऊ नका. तो रेडिओत खरखर आणतो आणि ओझर टॉवरचं बोलणं त्या खरखरीत बुडालं तर ट्रॅफिक दिसून उपयोग काय?

स्कायइको २ बद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं. १२० ग्रॅम वजन, आत बॅटरी, दाबाचा सेन्सर, जीपीएस, एक बटण. काचेला चिकटवा आणि निघा. ते ऐकतं आणि २० वॉटने स्वतः प्रसारणही करतं, म्हणजे ट्रान्सपॉन्डर नसलेलं मायक्रोलाइटही इतरांच्या एडीएस-बी स्क्रीनवर येतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात याला मान्यता आहे. ती मान्यता भारतात आपोआप चालत नाही. इथे १०९० वर प्रसारण करायला डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा) परवाना आणि विमानात वापरायला डीजीसीएची मान्यता हवी. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत १९२.१६८.४.१ उघडून त्याला 'फक्त रिसीव्ह' वर ठेवा. मंजुरी मिळाली तरी दोन गोष्टी पाळाव्या लागतील. विमानात आधीच एडीएस-बी आउट असेल तर याचं प्रसारण बंदच हवं, नाहीतर एकाच विमानाच्या दोन प्रतिमा हवेत जातात. आणि हेक्स कोड प्रत्येक विमानागणिक बदलायलाच हवा, कारण चुकीच्या कोडने उडणं म्हणजे एटीसीला दुसऱ्याच विमानाचं नाव सांगणं. जेटचा टीकॅस तुम्हाला याच्यामुळे पाहील असंही समजू नका. टीकॅस ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारून चालतो, आणि हा ट्रान्सपॉन्डर नाही. एक छोटी तक्रार: सक्शन कप उन्हात सुटतो. काच ओल्या फडक्याने पुसून लावा आणि दोरीने बांधा.

सेंट्री फोरफ्लाइट या ॲपसाठी बनली आहे, आणि तिच्या किमतीचा मोठा वाटा ९७८ वरच्या अमेरिकी हवामानाचा आहे, जो इथे येत नाही. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर मात्र उत्तम कल्पना आहे. तो वेगळा घेऊन पॅनेलवर लावावा, थंडीत हीटर चालवणाऱ्याने तर नक्कीच. गार्मिनची पोर्टेबल यंत्रं नीटनेटकी आहेत, पण हवामानाच्या वाहिनीचं तेच रडगाणं.

ग्लायडर आणि पॅराग्लायडरसाठी फ्लार्म ही वेगळीच भाषा आहे. फ्लार्म-फ्लार्म एकमेकांना आपला पुढचा मार्ग सांगतात, म्हणून एकाच थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) घिरट्या घालताना ते एडीएस-बीपेक्षा शहाणपणाने इशारा देतं. पण साधं फ्लार्म फक्त त्याच जातीच्या यंत्राला ओळखतं. गटाने एकत्र घेतलं तरच पैसे वसूल. सॉफ्टआरएफ हे त्याचं स्वस्त, मुक्त भावंड. त्यात प्रदेश 'भारत' निवडायला विसरू नका, म्हणजे ते युरोपच्या ८६८ ऐवजी आपल्याकडच्या ८६६ च्या आसपास चालतं. ब्रिटनचं पायलटअवेअर तिथल्या जमिनीवरच्या जाळ्यामुळे मोठं झालं आहे. इथे ते एकटं पडतं.

ॲपमध्ये एनरूट फ्लाइट नेव्हिगेशन हे मोफत ॲप बहुतेकांना पुरेल. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि जीडीएल-९० भाषेत डब्याचा डेटा घेतं. जोडणी होऊनही ट्रॅफिक दिसत नसेल तर कारण बहुधा फोनमध्येच असतं. आयफोन-आयपॅडवर त्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी द्यावी लागते. अँड्रॉइड 'या वाय-फायला इंटरनेट नाही' म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, तेव्हा 'जोडलेले राहा' निवडा किंवा मोबाइल डेटा बंद करा.

विमानात नेण्याआधी डबा घराच्या गच्चीवर तपासा. अँटेना उभा, जीपीएस उघड्या आकाशाखाली, दहा मिनिटं थांबा. पन्नास-साठ नॉटिकल मैलांवरची उंच जेट सहज यायला हवीत. वीस मैलांच्या आतलीच येत असतील तर अँटेनाचा जोड ढिला आहे किंवा अँटेना दुसऱ्याच वाहिनीसाठी कापलेला आहे. त्याची लांबी फूटपट्टीने मोजा.

हवेत वापरताना समोरासमोर येणाऱ्या १०० नॉटच्या दोन विमानांचं गणित डोक्यात ठेवा. पाच मैल दीड मिनिटात संपतात. दुसरं विमान दिसल्यापासून ओळखून, ठरवून, विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद धरावेत असं अमेरिकी एफएएच्या मार्गदर्शनात आहे. तेवढ्यात ही दोन विमानं मैलाचा पाऊण भाग एकमेकांजवळ येतात. म्हणून इशारा ब्लूटूथने हेडसेटमध्ये घ्या, स्क्रीनकडे बघत बसू नका. आवाज आला की तासाच्या काट्यावरची दिशा आणि वर-खाली एवढं बघायचं आणि नजर बाहेर. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत), विशेषतः बेसवरून फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ रेषेत वळताना, टॅबलेट बघायचाच नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत स्ट्रॅटक्स पुन्हा पुढे आहे. वाय-फाय असलेलं यंत्र परदेशातून मागवलं तर डब्ल्यूपीसीच्या ईटीएसाठी (उपकरणाच्या मंजुरीसाठी) पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकतं, आणि आतली बॅटरी गेली की तोच प्रवास उलट दिशेने. स्ट्रॅटक्सचा पंखा, केबल, कार्ड एमजी रोडवर मिळतं. दोन एसडी कार्डं सारखीच लिहून घ्या आणि एक फ्लाइट बॅगेत ठेवा. सगळ्यात आधी खराब होतं ते कार्डच, आणि ते बदलायला दोन मिनिटं लागतात.